पान एकशेत्रेचाळीसपासून मागे

पान १४३

कादंबरी शेवटाकडून वाचायची, ही अट सोमा रोकड्याची. कलावतीला ती मोडता आली नाही.

खरं तर तिनं बापाला ते पान वाचून दाखवायलाच नको होतं. एस. वाय. बी. ए.च्या मराठीला लावलेलं पुस्तक, कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेलं. 'ताडबनातले एकोणीस दिवस'. लेखक कॅप्टन दि. के. उपळेकर, निवृत्त. शांतिसेनेबरोबर लंकेत गेलेल्या एका पलटणीची गोष्ट. कलावती पहिल्या पानापासून सरळ वाचत आली होती. एकतिसाव्या पानावर तिनं एक ओळ दोनदा वाचली होती आणि पान उलटलं होतं. एकशेत्रेचाळीसवर मात्र तिच्या तोंडून आवाज निघाला.

फेब्रुवारीतला शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीतले कारखाने बंद, म्हणून सोमा कोन गावातल्या घरीच होता, दारात बसून चप्पल शिवत होता.

"काय झालं गं?"

"काय न्हाय, बा."

"मंग हुंकारलीस कशाला? वाच की मोठ्यानं."

तिनं वाचलं.

*वाट मोकळी होती. तोफांच्या माऱ्यात ताडाची दोन झाडं आडवी पडली होती आणि त्यांच्यामध्ये एक बारीक वायर तुटून लोंबत होती. सदा पुढे होता. तो थांबला, वाकला. एक टोक त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं आणि उजव्या हातानं दुसरं टोक शोधलं. मी ओरडायला तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हाताला काम सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. वायर तुटल्यामुळे सुरुंग मेलेला होता. सदानं तो जिवंत केला.*

"पुन्ना वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"कोनत्या हातात धरलं?"

"डाव्या."

सोमानं चप्पल खाली ठेवली आणि आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला, जणू तो कुणीतरी त्याच्याकडे सांभाळायला दिलेला होता.

या पानावर नसलेलं

राघो हा सोमाचा थोरला मुलगा. बारा वर्षांचा असल्यापासून शाळा सुटली की बापाच्या मागावर येऊन उभा राहायचा. एकोणिसाव्या वर्षी पलटणीत गेला आणि अठ्ठ्याऐंशी साली लंकेत मेला. घरी एक पत्र आलं, एक ट्रंक आली, अस्थी आल्या. पत्रात 'कर्तव्य बजावत असताना' एवढंच होतं. कसा, कुठं, कुणाशेजारी, काही नाही. सात वर्षं सोमानं तेवढ्या तीन शब्दांवर काढली होती.

आणि माग चालवणाऱ्या माणसाची रीत अशी. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे समोर ताणलेले असतात. त्यातला एक तुटला आणि लक्षात आला नाही, की कापडात तेवढी फट पडत जाते, वावभर, दोन वाव, आणि संध्याकाळी माल तपासणारा मेहताजी त्या ताग्यावर खडूनं फुली मारतो. म्हणून कारागीर विचार करत नाही. तुटलेलं टोक लोंबताना दिसलं की डाव्या दोन बोटांत ते, उजव्या हातात दुसरं, आणि गाठ. सोमानं राघोला हेच शिकवलं होतं. आडव्या सुताच्या कांड्या भरताना कलावतीलाही. "डोक्याला इचारायचं न्हाय. डोळ्याला दिसलं की हात गेला पायजे." राघोचा हात एकदा गेला नव्हता, तेव्हा सोमानं त्या हातावर कांडीनं मारलंही होतं.

"त्याला पलटणीत शिकवलंच असंल ना," कलावती म्हणाली. "हात लावू नको म्हणून."

"शिकवलं असंल की. दोन वरीस शिकवलं असंल. मी सात वरीस शिकवलंय."

"बा, ह्यो सदा हाय. राघो न्हाय. गोष्ट हाय ही."

"मंग त्या माणसाला वायर जोडायचं सुचलंच कसं? कोनी सांगितलं त्याला? बघितलं म्हनून लिवलं का मनातनं लिवलं? आन् का लिवलं?"

कलावतीनं पुस्तकाच्या मागे खोचलेला, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचा कागद पाहिला.

प्रश्न ४ (अ)

*'सदाचा मृत्यू' या प्रसंगाच्या आधारे लेखकाचा हेतू स्पष्ट करा. (गुण १५)*

गाईडमध्ये उत्तर तयार होतं. युद्धाची निरर्थकता दाखवणे. सामान्य जवानाच्या जीवनाचे दर्शन घडवणे. 'जोडणे' या क्रियेतून मानवतेचे प्रतीक उभे करणे. वाचकाच्या मनात करुणा निर्माण करणे. चार मुद्दे, प्रत्येकाला तीन ओळी, शेवटी समारोप.

तिनं ते बापाला वाचून दाखवलं. सोमानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आपल्याला वाईट वाटावं म्हनून?"

"तसंच काहीसं."

"वाटलं," सोमा म्हणाला. "आता इचार त्याला, पुढं काय?"

पान १४२, १४१, १४०

सोमाची नजर अधू झाल्यापासून तो मागावर नव्हता, घडीवर होता. विणलेला तागा लांब टेबलावरून ओढायचा, तळहात फिरवत खोट शोधायची, मग घडी घालायची. डोळ्यांनी जे दिसत नाही ते त्याच्या तळहाताला कळे. खोट सापडली की तो कापड उलटं सोडत जायचा, कारण खोट दिसते एका ठिकाणी आणि सुरू झालेली असते भलत्याच ठिकाणी, मागे कुठंतरी.

"तसंच वाच," तो म्हणाला. "मागं मागं जा. कुठनं सुरू झालं ते गावंल."

आणि मग दर शुक्रवारी, दुपारची जेवणं झाली की, कलावती एकेक पान मागे जाऊ लागली. वाक्यं सरळ, पानं उलटी. असं वाचताना पहिले दोन शुक्रवार फार विचित्र गेले. सदा मेला. मग सदा वाटेवर चालू लागला. मग त्यानं बूट चढवले. मग कुणीतरी त्याला चहा दिला आणि त्यानं तो नाकारला. त्याच्या आधीच्या पानावर तो चहा मागत होता.

जाईबाई, सोमाची बायको, आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिनं त्या पुस्तकाकडे पाहिलंही नव्हतं.

"सात वरीस झाले पोरगं जाऊन," ती भिंतीला ऐकवल्यासारखं म्हणाली. "आता बाप-लेक बसून पुन्ना मारतात त्याला. दर सुक्रवारी. कारखान्याला तरी सुट्टी असती."

"मारत न्हाय," सोमा म्हणाला. "मागं नेतोय."

ते खरंच होतं, आणि कलावतीला त्याचीच भीती वाटत होती. उलटं वाचताना सदा दर आठवड्याला थोडा जास्त जिवंत होत होता. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी तो हसला. दुसऱ्या शुक्रवारी जाईबाई तांदळाचं सूप घेऊन बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन बसली. तिनं विचारलं नाही, कुणी तिला बोलावलंही नाही.

पान ९८

*जेवायला आज पुन्हा वांगीच होती. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. सदानं मात्र माझ्या ताटातलीही उचलली.*

जाईबाईचा हात सुपातच थांबला.

"थांब. काय खाल्लं त्यानं?"

"वांगं."

"राघोला वांगं चालत नव्हतं. अंगावर पित्त उठायचं त्याच्या." ती सोमाकडे वळली. "अवो, ऐकलं का? ह्यो आपला न्हाय. मिटवा ते पुस्तक."

"पलटनीत सगळं खातात."

"पित्त पलटनीला घाबरतं व्हय?"

कलावती हसली. जाईबाईही हसली. सोमाही किंचित हसला, पण त्याचा अंगठा बोटाच्या पेरावर फिरत राहिला, धागा मळतात तसा.

केसरीनाथ सर

मराठी शिकवणारे केसरीनाथ सर खारबावहून स्कूटरवर यायचे. तास संपल्यावर कलावती त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेली.

"सर, तो सदाचा प्रसंग. लेखकानं तो खरंच पाहिला असेल का?"

"परीक्षेत ते विचारत नाहीत."

"पण हेतू विचारतात ना. पाहिला असेल तर हेतू वेगळा, रचला असेल तर वेगळा."

सर थांबले. त्यांच्या हातात खडूचा डबा होता. "हे बघ रोकडे, लेखक मेलाय असं समजून उत्तर लिहायचं. सोपं जातं."

"हा जिवंत आहे, सर. मलपृष्ठावर लिहिलंय, पुण्यात राहतात."

"मग मला कशाला विचारतेस? त्यालाच पत्र टाक." ते गमतीत म्हणाले होते. तिचा चेहरा पाहून त्यांचा सूर बदलला. "का गं? काय झालं?"

तिनं सांगितलं. भाऊ, लंका, बापाचा हात. सरांनी खडूचा डबा कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "टाक पत्र. प्रकाशकाच्या पत्त्यावर टाक. पण एक सांगतो. उत्तर आलं तरी त्यातून तुला पाहिजे ते निघेलच असं नाही. मी बावीस वर्षं लेखकांचे हेतू शिकवतोय. माझ्या स्वतःच्या बापाचा एक हेतू मला कळलेला नाही."

पत्र तिनं चार वेळा लिहिलं. तीन वेळा ते फार लांब झालं. चौथ्यांदा एवढंच राहिलं: *सदा खरा होता का? त्यानं वायर जोडली हे आपण पाहिलं का? माझे वडील माग चालवत असत. त्यांना हे कळणं जरुरीचं आहे.*

तिला काय उत्तर हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. सगळं काल्पनिक आहे, असं. तेवढं एक वाक्य आलं की बापाचा हात त्याला परत मिळाला असता.

पान ३१

*सदाला शांततेत झोप येत नसे. "आमच्याकडं मागांचा आवाज असतो रात्रंदिवस," तो म्हणायचा. "बंद पडला की जाग येते." मग तो बोटांनी पेटीवर ठोके देत पडून राही.*

हेच ते पान. कलावतीला ते टाळायचं होतं, पण सोमा पानं मोजत होता. बत्तीस झालं की एकतीस.

राघो पहिल्या रजेवर आला होता तेव्हा हेच म्हणाला होता, याच खोलीत. कोनमध्ये शेजारीच माग होते आणि तो दुपारचा चार-चार तास घोरत पडला होता. जाईबाई तेव्हा म्हणाली होती, पलटणीत झोपू देत नाहीत वाटतं.

"भिवंडीतली सगळीच पोरं असं म्हनतात," कलावती म्हणाली.

"म्हनतात," जाईबाई लगेच म्हणाली. "सगळीच म्हनतात."

सोमानं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की फक्त हलवली, ते समजलं नाही.

आंतर्देशीय पत्र

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. निळं आंतर्देशीय, टंकलेखन केलेलं, खाली शाईची सही.

*कु. कलावती रोकडे यांस,*

*आपले पत्र मिळाले. आपल्या बंधूंच्या बलिदानापुढे मी नतमस्तक आहे. 'सदा' हे पात्र पूर्णतः काल्पनिक असून त्याचा कोणत्याही प्रत्यक्ष व्यक्तीशी संबंध नाही. यंत्रमागासंबंधीचे तपशील मी एका मासिकातील लेखावरून घेतले होते. वायरीचा प्रसंग ही लेखकाची कल्पना होय. आपल्या वडिलांनी मनास लावून घेऊ नये.*

*आपला, दि. के. उपळेकर*

तिनं वाचलं. सोमानं पुन्हा वाचायला लावलं. मग त्यानं कागद हातात घेतला, सहीवर अंगठा फिरवला.

"मासिकातनं."

"हां, बा."

"कल्पना व्हय."

"तसं लिवलंय."

त्या संध्याकाळी सोमा दोन भाकऱ्या जास्त जेवला. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून येताना जिलेबीचा पुडा घेऊन आला आणि का आणली ते सांगितलं नाही. शेजारच्या दाजीला मात्र त्यानं ओट्यावर थांबवून सांगितलं, "लिवणारे लोक कायबी रचतात, दाजी. मासिकात वाचतात आन् रचतात." दाजीला काही अर्थ लागला नाही, तरी तो हो म्हणाला.

कलावतीनं पुस्तक परत करायचं ठरवलं. पेपर सोमवारी होता.

पान ३

"सुरू केलं ते पुरं कर," शुक्रवारी सोमा म्हणाला. आता त्याच्या आवाजात घाई नव्हती. घडी संपत आल्यावर माणूस जसा निवांत होतो तसा तो बसला होता. "किती राह्यली?"

"तीनच पानं."

तिसऱ्या पानावर पलटण बोटीत चढत होती. सदा त्या गर्दीत कुठं होता ते लेखकानं लिहिलं नव्हतं. दुसऱ्या पानावर समुद्र होता. पहिल्यावर एक बंदर आणि ऊन. त्याच्या मागे, आकडा नसलेल्या पानावर, बारीक अक्षरात लिहिलं होतं: *या कादंबरीतील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत.*

"बघ," कलावती म्हणाली. "इथंबी तेच हाय."

"हे पहिल्यापासनंच व्हतं?"

"हां. छापलंय."

"कोनी इचारलं नसतानाच?" सोमानं कपाळाला आठी घातली. "मी चोरी न्हाय केली, असं दारात उभा राहून कोन सांगतं?"

"समद्या पुस्तकांत लिवतात, बा. रीत हाय."

"रीत," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "आन इकडं."

त्यानं पुस्तक घेतलं, पुठ्ठा उघडला आणि सवयीनं आतून तळहात फिरवला. एका जागी तो थांबला. पुन्हा फिरवला.

"हितं दोन पदर हायत."

ग्रंथालयानं पुस्तकाला नवा पुठ्ठा घातला होता, त्यात एक पान खळीनं पुठ्ठ्याला चिकटून गेलं होतं. कलावतीनं दोन महिने ते पुस्तक हाताळलं होतं. तिला कधी जाणवलं नव्हतं.

"राहू दे, बा. फाटलं तर दंड घेतात."

"फाटत न्हाय." खळ धरलेल्या कापडाचे चिकटलेले पदर त्यानं आयुष्यभर सोडवले होते. जाईबाईकडून ओलं फडकं मागून त्यानं ते कागदावर नुसतं दाबून धरलं, मग कडेनं नख घालून पान उचलत गेला, सावकाश, एकही धस न पडू देता. पान सुटलं. त्यानं ते कलावतीसमोर धरलं.

मधोमध एकच ओळ होती.

तिनं ती मनात वाचली.

"काय हाय?"

"काय न्हाय, बा. कोरंच हाय."

सोमानं पान आपल्याकडे वळवलं. त्याला वाचता येत नव्हतं आणि आता नीट दिसतही नव्हतं. त्यानं पान उलटं केलं आणि मागच्या बाजूनं दोन बोटं मधोमध फिरवली. छापखान्याच्या खिळ्यांनी कागद मागून किंचित उठला होता. बोटं डावीकडून उजवीकडे गेली आणि ओळीच्या शेवटी थांबली.

"कोरं न्हाय हे," तो म्हणाला. "वाच, कले."

जाईबाई त्याच्याकडून परत घेतलेलं ओलं फडकं हातात धरून तशीच उभी होती. बाहेर कल्याणकडे जाणारा ट्रक गेला आणि भांडी हलली.

*"ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं, त्या माग चालवणाऱ्या पोरास."*

सोमानं बोटं पानावरून उचलली.

"म्हंजे व्हता," सोमा म्हणाला.

"कोनतरी व्हता, बा. कोन ते त्यालाबी ठाव न्हाय."

"पत्रात मासिकातनं म्हनला."

"हां."

"खोटं कशाला बोलला?"

"ठाव न्हाय. आपल्याला बरं वाटावं म्हनून असंल. न्हायतर लाज वाटली असंल."

"का दोन्ही?"

"ठाव न्हाय, बा."

"पुन्ना पत्र टाकलं तर सांगंल?"

"ज्याचं नावच इचारलं न्हाय, त्याचं काय सांगंल?"

सोमानं पान मिटलं. "बाजूला चालत व्हता ना त्यो. एका ताटात खात व्हते." तो हळू बोलत होता, हिशोब जुळत नसल्यासारखा. "नाव इचारायला किती येळ लागतो?"

"वांगं खानारा व्हता त्यो," जाईबाई म्हणाली. ती कुणाशीच बोलत नव्हती. "वांगं खायचा त्यो. अंगावर काय उठत नव्हतं त्याच्या."

सोमा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पुस्तक कलावतीकडे दिलं, दोन्ही हातांनी.

"सोमवारी हेच इचारतील ना तुला? का लिवलं म्हनून?"

"हां."

"मंग?"

"गाईडात चार मुद्दे हायत."

"ते लिव," सोमा म्हणाला. "पास व्हशील."

पुरवणी

सोमवारी प्रश्न आला. चौथाच, पंधरा गुणांचा, शब्द तेच. कलावतीनं पहिला मुद्दा लिहिला, दुसरा लिहिला. तिसऱ्यात 'जोडणे या क्रियेतून' असं लिहून ती थांबली, आणि मग गाईडात होतं तसंच पुरं केलं. चौथ्याला मुख्य उत्तरपत्रिका संपली. तिनं हात वर करून पुरवणी मागितली आणि करुणा पुरवणीवर लिहिली. समारोपही लिहिला.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा पर्यवेक्षक बाई ओळीतून फिरल्या आणि प्रत्येक बाकावर पांढऱ्या दोऱ्याचा एकेक तुकडा ठेवत गेल्या. "पुरवण्या बांधून घ्या."

कलावती प्रश्नपत्रिकेकडे पाहत होती. *लेखकाचा हेतू स्पष्ट करा.* तिला उत्तर पुन्हा वाचायचं होतं, काही खोडायचं होतं बहुतेक. काय ते तिचं ठरत नव्हतं.

तिनं खाली पाहिलं तेव्हा दोरा भोकांतून ओवलेला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांत एक टोक होतं आणि गाठ कधीच बसली होती, बारीक, घट्ट, मागावरची. ती सोडवता येत नाही. कापावीच लागते.